कुंड्यांची पाणी पंचायत

मैत्रिणींनो, थंडी पडली की आपल्या घरांतून काय काय सुरू होतं ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. गोधड्यांना ऊन दाखवायचं, डिंकाच्या लाडवांचं सामान आणायचं, मुलांना गेल्या वर्षीचे स्वेटर होतात का ते बघायचं. पण ज्यांना बागेचा नाद आहे, त्यांच्या मागे आणखी एक घोर लागतो. पावसाळाभर हिरवीगार असलेली झाडं मार्गशीर्षात एकदम रुसल्यासारखी दिसू लागतात. पानं पिवळी पडतात, वाढ थांबते. मग आपण काय करतो? पाण्याचा तांब्या घेऊन धावतो. मीही तेच करत होते, आणि त्यापायी एक जुनं झाड जवळजवळ हातचं घालवून बसले होते. त्याचीच ही गोष्ट.

आम्ही राहतो नगरला. कागदोपत्री आता अहिल्यानगर झालं आहे, पण जिभेवरचं 'नगर' काही अजून जात नाही. सावेडीत दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट, आणि माझी बाग म्हणजे त्याची चार फूट रुंदीची गॅलरी. त्यात तीसेक कुंड्या, आणि घरात मनी प्लांट, स्नेक प्लांट अशी सावलीतली मंडळी. सकाळी घरकाम, दुपारी तीन तास शाळा आणि उरलेला जीव या झाडांत!

दोन वर्षांपूर्वी सासरे गेले आणि सासूबाई श्रीगोंद्याकडचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आल्या. येताना भांडीकुंडी, कपाट, सगळं भावकीत देऊन आल्या. बरोबर आणला फक्त एक मोगरा, तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावलेला. लग्न होऊन आल्या त्या वर्षी तो त्यांनी अंगणात लावला होता, त्याचीच ही फांदी. मला वाटलं, एवढा मानाचा मोगरा गंजक्या डब्यात काय ठेवायचा? म्हणून बाजारातून चकचकीत चिनी मातीची कुंडी आणली, खाली तशीच देखणी ताटली ठेवली आणि हौसेनं मोगरा हलवला. सासूबाई नुसतं "बरं दिसतं" म्हणाल्या. मला ती शाबासकी वाटली.

थंडी आली तशी मोगऱ्याची पानं गळू लागली. मी पाणी वाढवलं, सकाळ-संध्याकाळ घालू लागले. पानं आणखी पिवळी पडली. मग खत घातलं, तरी उतार नाही. सासूबाई रोज गॅलरीत येत, मोगऱ्यापाशी क्षणभर उभ्या राहत आणि काही न बोलता आत जात. त्यांचं ते न बोलणं मला बोलण्याहून जास्त लागे. मनात येई, घर सुटलं, माणूस गेलं, आता ही एवढीशी आठवणही माझ्या हातून जाणार.

अशातच गेल्या वर्षी डिसेंबरात शाळेची सहल निघाली राळेगणसिद्धीला. सातवीच्या मुली आणि आम्ही तिघी शिक्षिका. नगरहून पुणे रस्त्यानं निघालं की कामरगावचा घाट, मग सुपे, आणि पुढे वाडेगव्हाणला फाटा फुटतो. गाव पारनेर तालुक्यातलं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा भाग. वर्षाकाठी पाऊस पडतो चारशे ते पाचशे मिलिमीटर, तोही वेळेवर पडला तर. वाटेतल्या टेकड्या डिसेंबरातच पिवळट दिसत होत्या. राळेगणच्या शिवारात शिरलो तशी एक मुलगी म्हणाली, "बाई, इथं पाऊस जास्त पडतो का हो?" पाऊस तेवढाच पडतो, पण गावाची त्याच्याशी वागायची रीत वेगळी आहे, असं मी तिला सांगितलं.

अण्णा हजारे १९७५ साली लष्करातली नोकरी संपवून गावी परतले, तेव्हा गाव दुष्काळानं आणि दारूच्या भट्ट्यांनी पोखरलेलं होतं. आधी त्यांनी आपल्या नोकरीच्या पैशातून यादवबाबांचं मोडकळीला आलेलं देऊळ सावरलं. मग पाण्याकडे वळले. गावात एक पाझर तलाव होता, पण बांधातूनच पाणी निसटून जाई. लोकांनी श्रमदान करून तो दुरुस्त केला आणि त्याच्या खालच्या अंगाच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहिलं. तिथून गाव जे कामाला लागलं ते लागलंच. टेकड्यांवर समतल चर खणले, ओढ्यांवर नालाबांध घातले, लाखांनी झाडं लावली. ती जगावीत म्हणून कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली. पाणी खाणाऱ्या उसाला शिवारात मज्जाव केला. १९८६ मध्ये अण्णांना वृक्षमित्र पुरस्कार मिळाला तो या कामासाठी.

मुलींना घेऊन आम्ही पाझर तलावावर गेलो. पाणी पाहून एक मुलगी हिरमुसली, "एवढंच?" मी तिला समजावू लागले, "अगं, हा तलाव पाणी दिसावं म्हणून नाही बांधलेला. हा पाणी मुरावं म्हणून. बांधातून पळून गेलं तर ते वाया, पण तळातून खाली मुरलं तर ते विहिरीत उतरतं." सांगता सांगता माझी मीच थबकले. डोळ्यांपुढे आली ती माझी चिनी मातीची कुंडी. भोक करंगळीच्या टोकाएवढं, खाली ताटली, आणि ताटलीत कायमचं पाणी! पळायला जागा नाही आणि मुरायलाही नाही. बिचारा मोगरा दिवसरात्र पाय पाण्यात घालून उभा होता, तोही नगरच्या थंडीत.

परत येताना एका घरापाशी मुली पाणी प्यायला थांबल्या. अंगणात न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ, कुडाला घेवडा, आणि कडेला चक्क मोगरा! पानं निम्मी गळलेली, बुडाशी भुईमुगाची टरफलं आणि वाळका पाला अंथरलेला. घरातल्या आजी ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी विचारलं, "आजी, याला पाणी कधी घालता?"

"आता कशाला? संक्रांत होऊ द्या की."

"पण पानं गळताहेत ना!"

आजी हसल्या. "अवो बाई, थंडीत ते निजतं. निजलेल्या लेकराला उठवून जेवू घालता व्हय?" आणि मग सहज म्हणाल्या, "तुमच्या घरी कुणी जाणतं मानूस नाही का?"

त्या प्रश्नानं माझं तोंडच बंद झालं. जाणतं माणूस घरात होतं. दोन वर्षं होतं. त्यांना मी चहा विचारला, औषध विचारलं, टीव्हीवर काय लावू तेही विचारलं. पण मोगऱ्याचं काय करू, हे एकदाही विचारलं नव्हतं.

घरी पोचले ती पर्स खांद्याला तशीच ठेवून सासूबाईंपाशी गेले. म्हटलं, "आई, मोगऱ्याचं काय करायचं ते मला सांगता का?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "मला वाटलं, तू शिकलेली, तुझं घर, तुझी रीत. मी कशाला मधे बोलू?" आणि पदर खोचून उठल्याच!

त्या रात्री आम्ही दोघींनी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून मोगरा उपसला. निम्मी मुळं काळी पडून कुजलेली. सासूबाईंनी ती कात्रीनं छाटली, वरच्या वाळक्या फांद्याही कापल्या. पत्र्याचा डबा मी टाकला नव्हता, माळ्यावर होता. त्याला खिळ्यानं आणखी चार भोकं पाडली, तळाशी खापऱ्या घातल्या, मातीत वाळू मिसळली आणि मोगरा परत आपल्या घरी गेला. एकदा पाणी घातलं आणि मग त्याला उन्हात ठेवून संक्रांतीपर्यंत जवळजवळ विसरून जायचं, असं ठरलं. आमचे 'हे' म्हणाले, "सासवा-सुनांचं ऑपरेशन झालं वाटतं!"

सहलीच्या तयारीत मी पुरंदर तालुक्यातल्या नायगावच्या विलासराव साळुंखे यांच्याविषयीही वाचलं होतं. त्यांची 'पाणी पंचायत' अण्णांनी राळेगणचं काम उभं करताना पाहिली होती. तिचा नियम मोठा न्यायाचा. जमीन किती यावर पाणी मिळायचं नाही, घरात माणसं किती यावर मिळायचं, आणि ऊस लावायचा नाही. मी आणि सासूबाईंनी त्यावरून आमच्या गॅलरीची पाणी पंचायत भरवली. नियम असा, की कुंडी केवढी मोठी यावर पाणी नाही, झाड किती जागं आहे यावर पाणी. तुमच्या उपयोगी पडेल म्हणून आमच्या पंचायतीचे ठराव इथे देते.

जी झाडं थंडीत जागी असतात ती म्हणजे शेवंती, झेंडू, गुलाब, पिटुनिया आणि भाजीच्या कुंड्या. यांना पाणी हवं, पण बोट दोन पेरं मातीत घालून बघावं. ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी. पाणी सकाळी ऊन आल्यावर घालावं. संध्याकाळी घातलं तर माती रात्रभर गार राहते. फुलं सुकली की लगेच खुडावीत, म्हणजे नवी येतात. शेवंतीवर याच दिवसांत काळा मावा पडतो. एक लिटर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या पातळ साबणाचे काही थेंब घालून ऊन उतरल्यावर फवारावं. जास्वंदीवरच्या पांढऱ्या पिठ्या ढेकणालाही हेच औषध.

जी निजलेली असतात ती मोगरा, ॲडेनियम, निवडुंग. यांना पाणी अगदी कमी आणि खत मुळीच नाही. मोगऱ्याची छाटणी संक्रांतीच्या सुमाराला करावी, त्यानंतर शेणखत घालून पाणी हळूहळू वाढवावं.

घरातल्या झाडांना पाण्यापेक्षा उजेडाची भूक असते. थंडीत ती खिडकीजवळ आणावीत आणि आठवड्यातून एकदा कुंडी फिरवावी, म्हणजे झाड एका अंगाला झुकत नाही. पानांवर धूळ फार बसते, ती ओल्या फडक्यानं पुसावी. मनी प्लांटला आठ-दहा दिवसांनी, स्नेक प्लांटला पंधरा-वीस दिवसांनी पाणी पुरतं. ताटलीत साचलेलं पाणी मात्र लगेच ओतून टाकावं. कुंडी बदलायची घाई नको, ते काम फेब्रुवारीत करावं.

तुळशीचं तर विचारूच नका! नगरला पारा दहाच्या खाली गेला की तिला सोसत नाही. तुळशीचं लग्न लागलं की रविवार आणि द्वादशी सोडून एखाद्या दिवशी मंजिऱ्या खुडून टाकाव्यात, नाहीतर सगळी शक्ती बियांत जाते. रात्री तिच्यावर जुनी सुती ओढणी घालावी, सकाळी काढावी.

आणि सगळ्यांसाठी एक ठराव, जो मी थेट राळेगणच्या अंगणातून उचलला. माती उघडी ठेवू नये. शेंगांची टरफलं, वाळका पाला, नारळाच्या शेंड्या, जे असेल ते दोन बोटं जाड अंथरावं. खोडाला मात्र चिकटू देऊ नये, थोडी मोकळी जागा सोडावी. मातीतली ओल टिकते, मुळांना ऊबही मिळते. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं. या पांघरुणानं आणि पंचायतीनं रोजच्या दोन बादल्यांची गरज पाऊण बादलीवर आली. रिकाम्या खोक्यांत मेथी पेरली, ती तीन-साडेतीन आठवड्यांत हाती आली. धणे रगडून दोन फाकळ्या करून पेरले, त्याची कोथिंबीर निघायला महिना-सव्वा महिना लागला. भोगीच्या भाजीवर घरचीच कोथिंबीर पडली.

मोगऱ्याचं काय झालं, असं विचाराल. संक्रांत झाली तरी काडी काडीच होती. मी धीर सोडला होता. रथसप्तमीला सासूबाईंनी मला गॅलरीत हाक मारली. "इकडे ये, बघ." बुडाशी मोहरीच्या दाण्याएवढे तीन हिरवे डोळे फुटले होते. चैत्रात त्याला फुलं आली. गजऱ्यापुरती नाही, देवापुढच्या वाटीपुरती. त्यातलं एक सासूबाईंनी सासऱ्यांच्या फोटोपुढे ठेवलं आणि एक माझ्या केसांत खोचलं.

आता पुन्हा थंडी आली आहे. पानं गळू लागली आहेत. या वर्षी मी तांब्या घेऊन धावत नाही. सकाळी चहाचे दोन कप घेऊन आम्ही दोघी गॅलरीत बसतो आणि कुणाला पाणी द्यायचं ते ठरवतो. तुमच्याही घरी असं एखादं जाणतं माणूस गप्प बसलेलं असेल, तर कुंडीत पाणी ओतण्याआधी एकदा त्याला विचारून बघा.