पाणी की वाफ?

तापलेल्या पाण्याला आपल्या मराठी घरांत जितकी नावे आहेत, तितकी दुसऱ्या कशाला क्वचितच असतील. तान्ह्या बाळाच्या अंगावर घालायचे ते कोमट, वडीलधाऱ्यांच्या स्नानाचे ते ऊन, सर्दी झालेल्याने घोट घोट घ्यायचे ते कढत आणि भातासाठी चुलीवर ठेवायचे ते आधण. पुढे उकळी आणि उकळीनंतर वाफ. वाफेचेही प्रकार पुन्हा निरनिराळे. झाकणावर पाणी ठेवून भाजीला काढलेली मंद वाफ वेगळी आणि सुगरणी 'दणदणीत' म्हणतात ती वेगळी. या साऱ्या अवस्था आपल्या घरातील गृहिणी उष्णतामापक न वापरता, भांड्याचा आवाज आणि झाकणाची थरथर यांवरून अचूक ओळखतात. आम्ही मात्र उमेदीची सर्व वर्षे एवढेच ओळखण्याचे वेतन घेतले की, समोरच्या बंद भांड्यात जे काही आहे ते पाणी की वाफ?

होळकरशाहीत माळव्यात येऊन स्थायिक झालेल्या घराण्यातला आमचा जन्म. १९७१ साली आम्ही इंदूरच्या एका कापडगिरणीच्या बॉयलरघरात रुजू झालो. घरची भाषा मराठी, कामगारांची हिंदी आणि पुस्तकांची इंग्रजी. त्या पुस्तकांपैकी एकच शेवटपर्यंत आमच्या टेबलावर राहिले. ते म्हणजे बाष्पसारणी, अर्थात इंजिनियर मंडळींचे 'स्टीम टेबल'. हे पुस्तक अंगाने लहान. आत गद्य जवळजवळ नाहीच. सगळे आकड्यांचे रकाने. घरात पंचांगाचे जे स्थान, तेच बॉयलरघरात याचे. तिथी काय आहे हे आकाशाकडे पाहून सांगणारे थोडे. बाकीच्यांनी पंचांग उघडावे हे बरे. बंद भांड्यातल्या पाण्याचेही तसेच आहे.

सारणीचा पहिलाच रकाना आपल्या शाळेतल्या समजुतीला धक्का देतो. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते असे आपण पाठ केले. पण ते समुद्रसपाटीवर आणि उघड्या भांड्यात. हवेचा दाब कमी झाला की उकळण्याचा अंशही खाली येतो. आमच्या वाचक भगिनींची घरे ज्या गावोगावी पसरली आहेत, तेथील आधणे म्हणूनच सारख्या तापमानाची नाहीत. पणजीचे आणि बडोद्याचे आधण शंभराच्या अगदी जवळ उकळते. सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरील इंदूर व हैदराबाद येथे ते ९८ अंशांच्या आसपास. आणि बेळगावी साडेसत्त्याण्णवाच्या सुमारास. उलट, कुकरमध्ये शिट्टीचे वजन आतील दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दुप्पट होईपर्यंत वाफ अडवून धरते, आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत चढते. तुरीची डाळ लवकर शिजते ती त्या वाढीव वीस अंशांमुळे.

येथवर कोणालाही पटेल. खरी गंमत पुढे आहे. समजा, एका बंद भांड्याचा उष्णतामापक १५० अंश दाखवतो आहे. आत काय असेल? दहांपैकी नऊ जण 'वाफ' म्हणतील. सारणी मात्र उत्तर देण्यापूर्वी दाब विचारते. दाब मोजण्याचे आजचे एकक 'बार'. एक बार म्हणजे समुद्रकाठच्या हवेचा जवळजवळ जेवढा दाब असतो तेवढा. भांड्यात ५ बार दाब असेल, तर त्या दाबाला पाणी १५१.८ अंशांवर उकळते, असे सारणी सांगते. आपले १५० त्याहून कमी. म्हणजे आत वाफ नाही, निव्वळ पाणी आहे. दाब ४ बार असेल, तर उकळण्याचा अंश १४३.६, आपण त्याच्या पुढे गेलो, म्हणजे आत पाण्याचा थेंबही नाही, सगळी अतितप्त वाफ आहे. तापमान तेच, पदार्थ तोच, आणि तरी एकदा पाणी व एकदा वाफ.

आणि दाब नेमका ४.७६ बार असला तर? त्या दाबाचा उकळण्याचा अंश बरोबर १५० आहे. येथे तापमान आणि दाब हे दोन्ही साक्षीदार मुके होतात. आत सगळे पाणी असू शकेल, सगळी वाफ असू शकेल, किंवा दोन्ही एकत्र नांदत असतील. अशा वेळी तिसरा साक्षीदार बोलवावा लागतो, तो म्हणजे आकारमान. या अवस्थेतील एक किलो पाणी १.०९ लिटर जागा घेते, तर एक किलो वाफ सुमारे ३९२ लिटर. भांडे २०० लिटरांचे असून त्यात एकूण एकच किलो ऐवज असेल, तर वजनाने साधारण निम्मी वाफ आणि निम्मे पाणी आहे, असे त्रैराशिकाने निघते. बाष्पसारणी वाचण्याची सारी विद्या इतकीच आहे: दाब पाहावा, त्या दाबाचा उकळण्याचा अंश काढावा, आपले तापमान त्याच्याशी ताडून पाहावे, आणि दोन्ही जुळलेच तर आकारमान विचारावे.

'एवढ्या खटाटोपापेक्षा डोळ्यांनी पाहिले तर?' असे कोणी विचारील. वाफेच्या बाबतीत डोळ्यांसारखा अविश्वासू साक्षीदार नाही. किटलीच्या चोचीतून निघणारा पांढरा लोट ही वाफ नव्हे. ते थंड हवेत पुन्हा पाणी झालेले सूक्ष्म थेंब आहेत. खरी वाफ त्या लोटाच्या अलीकडे, चोचीला लागून, जेथे काहीच दिसत नाही तेथे असते. बॉयलरला पाण्याची पातळी दाखवण्यासाठी काचेची नळी बसवलेली असते. ती काठोकाठ भरलेली असली काय आणि कोरडी ठणठणीत असली काय, दिसते सारखीच. म्हणून जाणता कामगार नळीकडे नुसता पाहत नाही. तिच्या तोट्या उघडून-मिटून पाणी खाली-वर होते की नाही याची खात्री करून घेतो.

सारणीतही एक खाचखळगा आहे, आणि आमच्या एका सहकाऱ्याचे आयुष्य त्या खळग्यात अडखळले. दाबमापकाचा काटा उघड्या हवेत शून्य दाखवतो. वस्तुतः हवेचा स्वतःचा एक बार दाब तेथे असतोच. सारणी मात्र दाब मोजते ती खऱ्या शून्यापासून, निर्वातापासून. म्हणून काट्यावर ४ असतील तर सारणीत ५ चा रकाना उघडावा लागतो. कामावरच्या भिंतीला चिकटवलेला कागद कोणीतरी इंग्रजी पुस्तकातून उतरवला होता. त्यात आकडे सर्व बरोबर होते. 'निरपेक्ष दाब' एवढा शब्द मात्र उतरवायचा राहिला होता.

१९७९ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. सुताला खळ देण्याच्या खात्यात वाफेने तापणारी मोठी पिंपे असतात. त्यांत थंडावून झालेले पाणी एका बंद टाकीत जमते. टाकीच्या तळाची तोटी गळत होती. काट्यावर दाब ४, उष्णतामापकावर १४८ अंश. टाकीची काचनळी रिकामी दिसत होती. प्रत्यक्षात पाणी तिच्याही वर चढलेले होते. हे सहकारी निष्काळजी मुळीच नव्हते. त्यांनी भिंतीवरचा कागद पाहिला. चारच्या पुढे १४३.६ लिहिलेले. अंश त्याहून अधिक; म्हणजे टाकीत पाणी नाही, थोडी वाफ काय ती निसटेल, असा हिशेब त्यांनी केला आणि तोटी सैल केली. पाचच्या पुढे १५१.८ आहेत आणि १४८ अंशांचे ते सगळे पाणीच आहे, हे सांगणारा शब्द त्या कागदावर नव्हता.

असे पाणी दाबाखालून सुटले की काय होते, तेही सारणीवरूनच काढता येते. बाहेरच्या हवेत ते शंभर अंशांच्या वर पाणी म्हणून राहूच शकत नाही. अंगातली जास्तीची उष्णता खर्चून त्यातला अकरावा हिस्सा क्षणार्धात वाफ होतो. हिस्सा लहान, पण टाकीत सव्वा लिटरही जागा न घेणाऱ्या एका किलो पाण्यापासून त्या क्षणी दीडशे लिटर वाफ उठते, आणि उरलेले पाणी ती चहूकडे उधळते. आमच्या सहकाऱ्याचा जीव वाचला. उजवा हात मात्र कोपरापासून बोटांपर्यंत आखडला तो कायमचा. पाना धरणाऱ्या माणसाला फाटकावरच्या वहीची नोकरी मिळाली.

इस्पितळातून आल्यावर ते एका संध्याकाळी आमच्या घरी आले. आम्हांला वाटले, मन मोकळे करण्यास आले असतील. त्यांनी पिशवीतून कोरी वही काढली आणि म्हणाले, "बाबूजी, वह किताब पूरी समझा दीजिए।" शिक्षण चौथीपर्यंत, तेही हिंदी शाळेत. इंग्रजी शब्द आम्ही सांगत गेलो, आणि देवनागरी आकडे ते डाव्या हाताने काढीत गेले. पहिल्या महिन्यातील पाने लहान मुलाने गिरवल्यासारखी होती. पावसाळा येईतो रकाने सरळ उतरू लागले. सौभाग्यवती चहा देताना एकदा त्यांना म्हणाली, की मोदकपात्राचे झाकण उघडताना वाफ लागते तशी उकळत्या पाण्यानेही भाजत नाही, असे का? त्यावर आम्ही बोलण्यापूर्वी त्यांनीच वही उघडून तिला दाखवले: गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत एक किलो पाण्याला ४१९ किलोज्यूल उष्णता लागते, आणि उकळत्या पाण्याची वाफ होण्यास, एक अंशही न चढता, आणखी २२५७. ती सगळी वाफेच्या पोटात दडलेली असते आणि हाताला टेकताच बाहेर पडते.

ही दडलेली उष्णता अठराव्या शतकाच्या सातव्या दशकात ग्लासगो विद्यापीठात जोसेफ ब्लॅक यांनी ओळखली; तेथेच उपकरणे दुरुस्त करणारे जेम्स वॉट यांना तिच्यावरून वाफेच्या यंत्रातील उधळपट्टी उमगली. पुढे फ्रान्समध्ये रेन्यो यांनी वाफेची केलेली मापने १८४७ साली प्रसिद्ध झाली, आणि अमेरिकेत कीनन व कीज यांची सारणी १९३६ साली निघाली. १९९७ सालापासून कारखान्यांसाठी सर्व जगाने मान्य केलेली सूत्रे आहेत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या मेहनतीचे फळ एका कागदावर उतरते, आणि एक शब्द गळाला की व्यर्थ जाते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आमच्या सहकाऱ्याच्या वहीवरून आम्ही मोठ्या अक्षरांत नवा तक्ता लिहिला आणि प्रत्येक काट्याशेजारी लाल रंगात 'इसमें एक जोड़िए' अशी पट्टी लावली. नव्या पोरांना तो तक्ता वाचायला फाटकावरचे हे गृहस्थच शिकवीत. त्यांचे सूत्र एकच असे: "पहले दाब पूछो, फिर पानी का नाम लो।" गिरणी बंद पडेपर्यंत त्या खात्यात पुन्हा कोणी भाजला नाही.

या विद्येलाही एक सीमा आहे. ३७४ अंश आणि सुमारे २२१ बार या ठिकाणी सारणीतले पाण्याचे व वाफेचे रकाने एकमेकांना मिळतात. दोहोंचे आकारमान एक होते, दडलेली उष्णता शून्य होते, आणि पाणी की वाफ हा प्रश्नच उरत नाही. आमच्या निमाडात, खरगोन जिल्ह्यातील एनटीपीसीच्या वीजकेंद्रात, ६६० मेगावॉटचे दोन संच त्या सीमेपलीकडील दाबावर चालतात. तेथे उकळी फुटतच नाही.

आज हे सारे आकडे मुलांच्या हातातील फोनवर क्षणात मिळतात, आणि आम्हांला त्याचा आनंदच आहे. पण दाब काट्यावरचा सांगितला की निरपेक्ष, हे फोनलाही आपणच सांगावे लागते. आणि घरच्या कुकरला तर सारणीचीही गरज नाही. शिट्टी थांबली तरी आतले पाणी शंभराच्या वरच असते. आच बंद करावी, दाब आपणहून उतरू द्यावा, शिट्टी उचलून वाफ येत नाही ना हे पाहावे, आणि मगच झाकणाला हात लावावा. पाहुणे पानावर बसलेले असले तरीही.