कोचीच्या जुन्या बाजारात

महापरिनिर्वाण दिनाला चैत्यभूमीवर जाऊन आलो आणि तिसऱ्या दिवशी आम्ही कोचीची गाडी धरली. आम्ही म्हणजे आम्ही दोघे, आमची मुलगी आणि ऐंशीच्या घरातली आई. रेल्वेची नोकरी संपली तरी पास मिळतो. तो वर्षानुवर्षे नातेवाइकांच्या लग्नकार्यातच खर्ची पडला. या वेळी निमित्त वेगळे होते. मुलीने स्वतःच्या पगारातून अंबरनाथला छोटे घर घेतले. तिच्या मैत्रिणींच्या घरी आजोबांचे घड्याळ, पणजीचा डबा असे काहीबाही मांडलेले असते. ती म्हणाली, "आपल्या घरातही एक जुनी वस्तू हवी." आमच्या घरात जुने म्हणावे असे काय असणार? आई गावाहून मुंबईला आली तेव्हा तिच्याजवळ एक गाठोडे होते, आणि त्यातले लुगडे केव्हाच विरून गेले. तेव्हा कुणीतरी सांगितले की जुन्या वस्तूंचा बाजार पाहायचा तर कोचीजवळच्या मट्टनचेरीचा पाहा.

नेत्रावती एक्स्प्रेस कुर्ल्याहून सुटते आणि कोकण रेल्वेच्या मार्गाने खाली उतरते. १९९८ मध्ये हा मार्ग पूर्ण सुरू झाला, त्यापूर्वी या किनाऱ्याने सरळ जाणे शक्यच नव्हते. रत्नागिरी, मडगाव, कारवार, मंगळूरचा परिसर करीत दुसऱ्या दिवशी गाडी एर्नाकुलमला पोहोचते. तिथून फोर्ट कोचीला जायला सरकारी बोट आहे. भाडे अगदी किरकोळ. मजूर, शाळेची मुले, मासळीवाल्या बाया, सगळे एकाच बाकावर बसतात.

बोटीत बसलो आणि त्या पाण्याकडे पाहताना एक गोष्ट आठवली. ती इथे सांगितलीच पाहिजे. १९१३ साली याच खाडीच्या पाण्यावर एक सभा भरली. पुलया समाजाच्या लोकांना तेव्हा शहराच्या रस्त्यांवर मज्जाव होता आणि सभेसाठी जमीन द्यायला कुणी तयार नव्हते. तेव्हा पंडित के. पी. करुप्पन आणि कृष्णाती आशान यांनी तोड काढली. जमीन मालकाची असेल, पाणी तर कुणाच्या मालकीचे नाही! माणसे होड्यांतून आली, होड्या एकमेकींना बांधल्या, आणि पाण्यावरच सभा झाली. करुप्पन स्वतः मासेमारी करणाऱ्या समाजातले होते. महाडचे चवदार तळे १९२७ चे. त्याच्या चौदा वर्षे आधीची ही हकीगत. याच खाडीतल्या मुलवुकाड बेटावर दाक्षायणी वेलायुधन जन्मल्या. संविधान सभेत बाबासाहेबांबरोबर बसलेल्या त्या एकमेव दलित महिला. मुलीने पाण्याचा फोटो काढला. आईने मात्र हात पुढे करून शिंतोडे अंगावर घेतले.

फोर्ट कोचीला चिनी पद्धतीची मोठी जाळी आहेत, ती सगळेच पाहतात. आम्ही रिक्षाने मट्टनचेरीला गेलो. तिथली 'ज्यू टाऊन' नावाची गल्ली पाच-सात मिनिटांत चालून संपते. गल्लीत शिरण्याआधीच सुंठ, मिरी आणि वेलचीचा वास येतो. दोन्ही बाजूंना मसाल्याच्या वखारी होत्या. काही अजून आहेत, बाकीच्यांत आता जुन्या वस्तूंची दुकाने थाटली आहेत. टोकाला परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर. ते १५६८ चे आहे. चपला बाहेर काढून आत जायचे. जमिनीवर चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत. प्रत्येक फरशी हाताने रंगवलेली, त्यामुळे एकीसारखी दुसरी नाही असे सांगतात. बाहेरचा घड्याळाचा मनोरा १७६० चा.

ज्यू लोक आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत. आपल्या कोकणातले बेने इस्रायली मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. कोचीचे ज्यू निराळे. त्यांची भाषा मल्याळम. १९४८ मध्ये इस्रायल देश झाला आणि पुढच्या काही वर्षांत यातले बहुतेक तिकडे निघून गेले. घरे विकली गेली, सामान विकले गेले. सारा कोहेन नावाच्या वृद्ध बाई या गल्लीत हातभरतकामाचे दुकान चालवत. त्या २०१९ मध्ये वारल्या. आता या समाजाची माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही राहिलेली नाहीत.

ज्या गल्लीतून हिंडत होतो तिला ए. बी. सालेम यांचे नाव आहे. हे सालेम कोण? या सिनेगॉगमध्येही उच्चनीच होते. बाहेर देशातून आलेल्या 'परदेशी' ज्यूंच्या घरात पूर्वी जे गुलाम होते त्यांचे वंशज धर्माने ज्यूच, पण त्यांना मंदिरात बरोबरीने बसता येत नसे. बाहेरच्या दालनात जमिनीवर बसायचे, धर्मग्रंथ वाचायला उभे राहायचे नाही. सालेम याच समाजातले. ते १८८२ मध्ये जन्मले, शिकले, वकील झाले, कोचीच्या विधिमंडळात गेले, आणि आपल्याच लोकांच्या मंदिरात त्यांनी सत्याग्रह केला. बंधने हळूहळू सैल झाली. ते १९६७ मध्ये वारले. हे ऐकल्यावर आई म्हणाली, "देव बदलला तरी उंबरा तोच की गं!" आमच्याजवळ याला उत्तर नव्हते.

आता दुकानांकडे वळू. एका मोठ्या वखारीत अख्खी सर्पनौका ठेवली आहे, शर्यतीची, पाहत पाहत चालत राहावे इतकी लांब. कोरीव खांब, दरवाजे, धान्याच्या पेट्या, पितळी समया, काशाची पसरट पातेली, डच पद्धतीच्या खुर्च्या. काही माल गोव्याहून, काही तमिळनाडूतल्या चेट्टिनाडहून येतो. पण पुष्कळसा केरळच्याच मोठ्या घरांतला. ही घरे म्हणजे 'तरवाड'. नायर वगैरे जमीनदार जातींची एकत्र कुटुंबांची वाडे-घरे. ती का मोडली? १ जानेवारी १९७० पासून केरळात कूळकायदा लागू झाला आणि खंड खाण्याचा हक्क संपला. मग १९७५ च्या कायद्याने एकत्र हिंदू कुटुंबपद्धतीच रद्द झाली. तो १९७६ च्या डिसेंबरात अमलात आला. वाटण्या झाल्या, वाडे उतरवले गेले, आणि त्यांचे खांब-दरवाजे बाजारात आले. जमीन कसणाऱ्या कुळांना ती मिळाली. शेतात राबणाऱ्या दलित मजुरांपैकी बहुतेकांच्या वाट्याला मात्र झोपडीपुरती जागा आली, खेड्यात फार तर दहा सेंट, म्हणजे एकराचा दहावा हिस्सा. दुकानातला कोरीव खांब पाहताना एवढा हिशेब ध्यानात ठेवावा.

खरेदीला जाणाऱ्या वाचक भगिनींसाठी दोन-चार गोष्टी सांगतो, कारण आम्ही त्या पैसे मोजून शिकलो. एका दुकानात पितळेची 'किंडी' पाहिली. तोटी असलेला हा तांब्या, हातपाय धुवायला वापरत. दुकानदार म्हणाला, शंभर वर्षांची आहे. काळपट रंग, खाचांत साचलेली माती, आम्ही भाळलो आणि सांगितलेली किंमत देऊन मोकळे झालो. चार दुकाने पुढे गेलो तर तशाच पाच किंड्या ओळीने मांडलेल्या, त्याच जागी तोच ठसा, आणि किंमत निम्म्याहून कमी! नवे पितळ रसायनात बुडवून काळे करतात, मातीत पुरून ठेवतात, हे मग कळले. परत जाऊन विचारले तर पहिला दुकानदार आम्हाला ओळखही देईना.

तेव्हा ध्यानात ठेवा. जुन्या भांड्याची झीज एकसारखी नसते. हात लागतो तिथे कडा गुळगुळीत, कोपऱ्यात खरबरीत. सगळीकडे सारखाच काळेपणा असेल तर संशय घ्या. काशाच्या 'उरुळी'ला बोटाने टिचकी मारा, चांगले कासे असेल तर नाद लांबतो. लाकडी पेटी उलटी करून पाहा. तळाला ताजी फळी किंवा अधिक-चिन्हाचे यंत्राचे स्क्रू दिसले तर पेटी जुनी कसली? 'नेट्टूर पेटी' म्हणून दागिन्यांची एक सुरेख पेटी मिळते, शिसवी लाकूड, उतरते झाकण, पितळी पट्ट्या. ती हल्लीही बनवतात, आणि नवी म्हणून घेतली तर त्यात फसवणूक नाही. आरन्मुळा गावचा धातूचा आरसाही तसाच. तांबे आणि कथिलाच्या मिश्रणाचा, काही मोजकी घराणी तो घडवतात. त्यावर बोटाचे टोक ठेवा. बोट आणि प्रतिबिंब यांत फट दिसत नाही. काचेच्या आरशात फट दिसतेच. हस्तिदंताला मात्र हात लावू नका, त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे. शंभर वर्षांपेक्षा जुन्या मूर्ती आणि चित्रांसाठी १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. विकणाऱ्याकडे परवाना लागतो, मूर्तीची नोंद लागते, आणि देशाबाहेर नेण्यास बंदी आहे.

बुद्धमूर्तीही जागोजागी दिसतात, नुसती मस्तके जास्त. हॉटेलच्या दिवाणखान्यात शोभेसाठी लोक नेतात. नवीच असतात ती. तथागतांचे मस्तक धडावेगळे करून टेबलावर मांडावे, हे आमच्या मनाला रुचले नाही. या किनाऱ्यावरची खरी जुनी बुद्धमूर्ती पाहायची तर आलप्पुळा जिल्ह्यात अंबलपुळाजवळ करुमाडी गावी जावे. काळ्या दगडाची बसलेली मूर्ती, डावी बाजू तुटलेली. तिथले लोक तिला प्रेमाने 'करुमाडी कुट्टन' म्हणतात. कुट्टन म्हणजे मुलगा. आम्ही परतीच्या आदल्या दिवशी जाऊन वंदन करून आलो.

आता आमच्या खरेदीविषयी. एका दुकानात मुलीला एक लाकडी माप आवडले. घडवंचीएवढे नव्हे, पण चांगले घागरीएवढे, पितळी पट्ट्या ठोकलेले. याला 'परा' म्हणतात. केरळात लग्नकार्यात परा भाताने शिगोशीग भरतात, वर नारळाचा फुलोरा खोचतात; समृद्धीचे चिन्ह म्हणून. दुकानदाराने हौसेने सांगितले, "बडे लोग इसमें फूल रखते हैं, छतरी रखते हैं." मुलगी म्हणाली, "आई, हॉलच्या कोपऱ्यात किती छान दिसेल!"

आई जवळ आली. तिने त्या मापाच्या काठावरून तळहात फिरवला, आणि फिरवतच राहिली. मग म्हणाली, "असंच होतं आमच्या पाटलाच्या खळ्यावर. एवढं मोठं नव्हतं. घेताना शीग लावून घ्यायचा आणि आम्हाला देताना असा हात फिरवायचा. सपाट. वरचं सगळं त्याच्या ढिगात. माझी आई पदर धरून उभी राहायची. कधी कधी माप अर्धंच भरायचा आणि म्हणायचा, झालं."

दुकानदाराला मराठी कळत नव्हते, पण तो गप्प झाला. आम्ही त्याला हिंदीत सांगितले. तो वयस्कर होता. म्हणाला, इकडेही मजुरी भातातच मिळायची, अशाच लहान मापाने मोजून. त्याने आतून एक वस्तू आणून आईच्या हातात दिली. तिचे नाव 'इडंगळी'. दहा इडंगळी म्हणजे एक परा. लाकूड तडकलेले, पितळी पट्टी एका बाजूने निखळलेली, आतला भाग दाणे घासून घासून गुळगुळीत झालेला. यात कसली बनवाबनवी नव्हती.

मुलगी म्हणाली, "नको आजी. तुला वाईट वाटेल असं काही आपल्या घरात नको." आम्हालाही तसेच वाटले. दुःखाची वस्तू पैसे देऊन घरी का न्यावी? पण आईने ते माप खाली ठेवले नाही. ती म्हणाली, "घे. शोभेला नको ठेवू पण. पिठाच्या डब्याशेजारी ठेव, आणि रोजचे तांदूळ ह्यानंच मोज. आता मोजणारे हात आपले आहेत."

बाराशे सांगितले होते, सातशेला मिळाले. घासाघीस केली ती किंडीचा राग होता म्हणून. नाहीतर त्या माणसाशी करावीशी वाटली नसती.

कुणाला जायचे असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. सिनेगॉग शनिवारी बंद असतो, शुक्रवारी दुपारनंतरही. त्याप्रमाणे बेत आखावा. खरेदी करायची नसली तरी हरकत नाही. दुकानांतून नुसते हिंडू देतात. निघताना वखारीतून थोडी सुंठ आणि काळी मिरी घ्यावी, ती नक्की अस्सल मिळते. बोटीत मुलांना १९१३ ची गोष्ट अवश्य सांगावी.

किंडी आमच्याकडे आहे. तिला घासून लख्ख केली, पाणी प्यायला चांगली आहे. माप मुलीच्या घरी गेले. गेल्या रविवारी आम्ही तिच्याकडे जेवायला गेलो होतो. शेजारची बाई भात टाकायला थोडे तांदूळ उसने मागायला आली. आई ओट्यापाशीच उभी होती. तिने इडंगळी भरली, वर चांगली शीग लावली, आणि दाणे ओघळून जमिनीवर पडू लागले तरी हात फिरवला नाही. शेजारीण म्हणाली, "आजी, एवढे कशाला?" आई म्हणाली, "असू दे गं."