आजीचं मत

परवा न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला. तिच्या लेकाला शाळेत वुड्रो विल्सनवर लिहायचं होतं. १९१० साली तिथल्या लोकांनी मतं देऊन त्याला राज्याचा गव्हर्नर केलं. "मामा, आपल्याकडे तेव्हा कोण निवडून आलं होतं?" आता काय सांगणार! आपला गव्हर्नर लंडनहून बोटीने यायचा. मत-बित काही नाही.

फोन ठेवल्यावर मात्र १९३७ ची निवडणूक आठवली. म्हणजे आजोबांकडून ऐकलेली. गव्हर्नर तेव्हाही लंडनचाच, लॉर्ड ब्रेबॉर्न. पण मुंबई प्रांताच्या विधानसभेचे १७५ सभासद मतांनी निवडायचे होते आणि त्यांच्यातूनच मंत्रिमंडळ होणार होतं. (पुढे जुलैत बाळासाहेब खेर मुख्य झाले. त्या पदाला तेव्हा 'पंतप्रधान' म्हणत!)

आमचं घर सोनगीरचं, तांबटांचं. दिवसभर ठोक-ठोक. डिसेंबर १९३६ मध्ये आजोबा हातातलं काम टाकून फैजपूरच्या काँग्रेसला गेले. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन ते. अध्यक्ष नेहरूंना लांबून पाहिलं, हे पुढे आयुष्यभर सांगत.

दोनच महिन्यांनी मतदान आलं. आणि यादीत आजोबांचं नावच नाही! शेतसारा, कर नाहीतर शिक्षण, असं काहीतरी असल्याशिवाय मत मिळत नसे. आजोबांकडे ना शेत, ना परीक्षा. ज्याच्याकडून तांब्याचा पत्रा उधारीवर आणायचे त्या सावकाराला मत होतं. सावकार नवं धोतर नेसून मत द्यायला गेला, तेव्हा आजोबा भट्टीपाशी बसून होते. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. आजीने सांगितली.

आणि आजीचं काय? मी विचारलं तर हसली. "तवय आमले कोन इचारे, भाऊ?" (भाचीला हेही सांगायला हवं, की १९१० साली न्यू जर्सीतल्या बायकांनाही मत नव्हतं.)

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत, १९५१-५२ ला, दोघांनाही मत मिळालं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, वर चिन्ह चिकटवलेलं. अक्षरओळख नसली तरी अडायचं नाही. आजोबांनी आदल्या रात्री आजीला चारदा बजावलं, बैलजोडीच्याच पेटीत टाक.

आजी हो म्हणाली. चिठ्ठी कुठल्या पेटीत टाकली, ते मात्र तिने त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.