गुठळीचा बंदोबस्त

दंतवैद्याचे काम खुर्चीपाशी संपते हा समज चंद्रपूर शहरात कदाचित खपून जाईल. पण ज्याचा रुग्ण भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातून एस.टी. बदलत आलेला असतो, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला म्हणजे ज्याला पुन्हा येण्याचा मार्गच उरत नाही, त्या वैद्याला आपले निम्मे काम रुग्णाच्या घरावर सोपवावे लागते, आणि घराला काय सांगावे व कोणत्या शब्दांत सांगावे, हाच त्याच्या व्यवसायाचा अवघड भाग होऊन बसतो.

दाढ काढल्यावर हाडात जी खाच उरते तीत रक्ताची गुठळी धरते. उघड्या हाडावर तिचे आच्छादन असते आणि तिच्याच आश्रयाने नवे मांस भरत जाते. ती निसटली तर दोन-तीन दिवसांत असा ठणका सुरू होतो की तो कानापर्यंत चढतो आणि साध्या गोळीला दाद देत नाही. म्हणून कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरावा, दर पाच मिनिटांनी काढून पाहू नये, पहिले चोवीस तास चूळ भरू नये, थुंकू नये, लाळ गिळावी, अशी माझी सक्त ताकीद असते. गुडघ्यावरची खपली काढू नये हे ज्याला लहानपणी कळले, त्याला हेही कळते.

कळते; पण वळणे खर्र्याच्या मुलखात कठीण. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून तळहाताखाली घोटलेली ती पुडी इथे पाहुण्यापुढे केली जाते, शेताच्या बांधावर वाटून घेतली जाते आणि बायकांच्या कनवटीलाही असते. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियान दारू-तंबाखूविरुद्ध झटत आहे, तरी दात काढलेला इसम पायऱ्या उतरण्यापूर्वीच विचारतो, “दुसऱ्या गालात ठेवला तं चालते का जी?” चालत नाही. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा मंदावतो, आणि खर्रा म्हटला की पिचकारी आलीच. जन्माचे व्यसन सोडण्याचा उपदेश त्या घटकेला मी करीत नाही; निदान तीन दिवसांची मुदत मागतो, आणि ती रुग्णापाशी न मागता सोबत आलेल्या आईपाशी किंवा सुनेपाशी मागतो, कारण ओठ बधिर झालेल्या माणसाचे चित्त ठिकाणावर नसते.

बाकीचे सोपे आहे. पहिल्या दिवशी गार केलेली पेज किंवा मऊ भात. बर्फ नसेल तर माठाच्या पाण्यात भिजवलेले फडके गालावर बाहेरून. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या. आणि इतर दात नेहमीप्रमाणे घासावेत, मग हाती ब्रश असो वा कडुनिंबाची काडी, मात्र काडीचे टोक जखमेकडे जाता कामा नये. दुखऱ्या हिरडीवर गोळी ठेवून चघळण्याची जी रीत आहे तिने हिरडी भाजते, एवढे मात्र आवर्जून सांगतो.

रूट कॅनालचा प्रकार निराळा. बधिरता उतरेपर्यंत काही चावू नये, नाहीतर माणूस आपलाच ओठ चावतो; पुढे काही दिवस चावताना दात हुळहुळला तर उपचार फसला असे समजू नये. खरा घोटाळा दुखणे थांबल्यावर होतो. तात्पुरते सिमेंट भरलेला दात वेदनारहित झाला की टोपी बसवायला येण्यात एका दिवसाची मजुरी बुडते, हा हिशेब घरात मांडला जातो, तेंदूच्या हंगामात तर विशेषच. आणि पोखरलेला तो दात एखाद्या सुपारीवर उभा चिरतो, म्हणजे वाचवलेला दात काढण्याचा प्रसंग येतो. तो हिशेब मला चुकीचा वाटतो, पण अवाजवी म्हणवत नाही. म्हणून पुढची तारीख शक्यतो बाजाराच्या दिवशीची देतो.

मात्र नवा बोळा अर्धा तास दाबूनही रक्त थांबत नसेल, तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरण्याऐवजी वाढत असेल, ताप आला, तोंड उघडेना किंवा घोट गिळवेना, तर दिलेल्या तारखेची वाट पाहू नका. त्याच रात्री जवळचे रुग्णालय गाठा.