साठच्या स्पीडने सोलापूर

पुण्यात बाईक घेतली की पुढचं सगळं ठरलेलं असतं. पहिल्या महिन्यात लोणावळा, दुसऱ्या महिन्यात महाबळेश्वर आणि मग 'एकदा लडाख करायचंय यार' म्हणत पाच वर्षं ऑफिसच्या रस्त्यावरचं ट्रॅफिक! आमचंही तेच चाललं होतं. म्हणून जानेवारीत कँटीनमध्ये मी पिल्लू सोडलं, 'सोलापूरला जाऊया.'

'सोलापूर? तिथे काय आहे? चादरी?'

माझी आत्या आहे, हुरडा आहे आणि अडीचशे किलोमीटरचा झक्कास हायवे आहे, एवढ्यावर मंडळी तयार झाली. घोळ झाला तो घरी. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, 'मी पण येतो.'

बाबांचं वय त्रेसष्ट. लग्नाआधीची काही वर्षं त्यांनी सोलापुरात नोकरी केली, तेव्हा त्यांच्याकडे राजदूत होती म्हणे. आम्ही ती फक्त फोटोत पाहिलीय. 'माझ्यामागे बसा,' मी म्हटलं. 'मागे कशाला? माझी शंभर सीसीची आहे की!' आईने हात जोडले आणि रेल्वेचं तिकीट काढलं.

तर शनिवारी सकाळी सातला पाच गाड्या निघाल्या. मी आणि बायको बुलेटवर, ताई आणि दाजी पल्सरवर, ऑफिसचे दोन मित्र आपापल्या गाड्यांवर आणि शेवटी बाबा. कानटोपी, तिच्यावर हेल्मेट, स्पीड साठ.

शंभरेक किलोमीटरवर भिगवण. उजनी धरणाचं पाणी इथवर पसरलंय. थंडीत इथे फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी येतात. कुंभारगावातून होडी मिळते. पांढरे-गुलाबी पक्षी चिखलात मान घालून उभे, थवा उडाला की पंखांखालचा लाल रंग दिसतो. पुन्हा हायवेला येऊन मासे हाणले. उजनीचे ताजे मासे, झणझणीत रस्सा आणि भाकरी. सगळे सुस्तावले. बाबा तेवढे म्हणाले, 'निघा, उन्हं कलायच्या आत पोचू.'

आणि इथेच आम्ही माती खाल्ली.

समोर मोकळा चौपदरी रस्ता, पोटात मासे, डोक्यात वारं. 'टेंभुर्णीला भेटूया,' एवढं बोलून चौघांनी गाड्या ताणल्या. इंदापूर मागे पडलं, भीमेचा पूल ओलांडला. टेंभुर्णीला चहा झाला. दहा मिनिटं झाली, वीस झाली, अर्धा तास झाला. बाबांचा पत्ता नाही. फोन वाजत होता, कोणी उचलत नव्हतं.

त्या वेळी डोक्यात काय काय येतं, ते लिहीत नाही. ऊसतोडणीचा हंगाम होता. येताना वाटेत उसाच्या किती ट्रॉल्या लागल्या, ते आता आठवायला लागलं. बायको काही न बोलता मागे बसली आणि मी गाडी वळवली. त्या रस्त्यावर मी पहिल्यांदाच साठच्या खाली गाडी चालवली, कारण डिव्हायडरपलीकडे प्रत्येक टपरी, प्रत्येक झाड बघायचं होतं.

इंदापूरच्या अलीकडे, पलीकडच्या बाजूला कडुलिंबाखाली बाबा दिसले. गाडी स्टँडवर, चेन उतरलेली, हात कोपरापर्यंत काळे. शेजारी एक शेतकरी काका पाना घेऊन बसलेले. फोन पाठीवरच्या बॅगेत, शालीच्या घडीत! मी काही बोलायच्या आत बाबांनीच विचारलं, 'पाणी आहे का रे?'

चेन बसली. त्या काकांनी चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत. मला वाटलं होतं बाबा ओरडतील. ते ओरडले नाहीत. हेल्मेटचा पट्टा लावता लावता माझ्या बुलेटच्या चकचकीत आरशांकडे बघून म्हणाले, 'हे काय केस बघायला लावलेत का?'

बायको हसली. मला हसू आलं नाही.

टेंभुर्णीहून ऑर्डर बदलली. बाबा पुढे, मी सर्वांत मागे. दर वळणावर पुढच्याने मागचा आरशात दिसतोय का ते बघायचं, नाही दिसला तर थांबायचं. स्पीड साठ. पहिले दहा किलोमीटर मित्रांचा जीव कासावीस झाला. मग हळूहळू दिसायला लागलं. ज्वारीची कणसं, साखर कारखान्याची धुराडी, मळीचा तो उग्र-गोड वास, मोडनिंब, मोहोळ. सोलापुरात शिरलो तेव्हा दिवे लागले होते. आई कधीच पोचली होती आणि आत्याच्या स्वयंपाकघरात शेंगदाण्याची चटणी कुटत होती.

रविवारी सकाळी बाबा आमचे गाईड. भुईकोट किल्ला, शेजारीच तलावातलं सिद्धेश्वराचं देऊळ आणि मग चार हुतात्म्यांचे पुतळे. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३०च्या मे महिन्यात सोलापूरकरांनी इंग्रजांचा अंमल काही दिवस उठवला, मग मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ला या चौघांना येरवड्यात फाशी झाली. येरवडा! आमच्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर. रोज जेलच्या भिंतीजवळच्या सिग्नलला मी हॉर्न वाजवतो.

पण खरा धक्का पुढे होता. चहावाल्याशी बाबा कानडीत बोलले. मग पूर्व भागात, जिथे तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची वस्ती आहे, तिथे चादरी घेताना एका म्हाताऱ्या दुकानदाराशी सरळ तेलुगूत गप्पा! आम्ही सगळे बघतच राहिलो. 'इथे चार वर्षं राहिलं की येतंच,' बाबा म्हणाले. माझ्या वडिलांना तेलुगू येतं, हे मला एकतिसाव्या वर्षी कळलं. भाव काय ठरला ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

दुपारी हैदराबाद रस्त्याने पन्नासेक किलोमीटरवरचं नळदुर्ग. बोरी नदीवर बंधारा आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. पावसाळ्यात धरण भरलं की नर आणि मादी हे दोन धबधबे सुरू होतात आणि माणूस पाण्याच्या पडद्यामागे उभा राहतो. आम्ही गेलो तेव्हा धबधबे बंद होते. 'आता पावसाळ्यात यायला लागणार,' बाबा म्हणाले. म्हणजे पुढची ट्रिप ठरलीच!

जवळच्या एका शेतात हुरडा खाऊन परतलो तेव्हा अंधार पडायला आला होता. मी मागेच होतो. पुढे चार लाल दिवे, सगळ्यांत पुढचा जरा मिणमिणता. तो थोडा जरी दिसेनासा झाला, की मी मान उंच करत होतो.

जाण्यापूर्वी

कधी : हुरडा आणि पक्ष्यांसाठी जानेवारी-फेब्रुवारी, नळदुर्गच्या धबधब्यांसाठी पावसाळ्याचा उत्तरार्ध. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, बाईकवर नकोच.

रस्ता : पुणे-सोलापूर सुमारे २५० किमी. दुचाकीला टोल नाही. हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात, अनेकांना मागे दिवे नसतात. अंधारात चालवणं टाळा.

सोबत : चेन घट्ट करायचा पाना, मागे बसणाऱ्यासाठीही हेल्मेट आणि फोन खिशात. शालीत नाही!

आणायचं : चादर, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी.