हातोड्याचा भाव

डॉन ब्रॅडमन यांनी १९४७-४८ च्या भारताविरुद्धच्या मालिकेत घातलेली हिरवी टोपी डिसेंबर २०२४ मध्ये सिडनीत लिलावात गेली. कुणी किंमत छापली ३ लाख ९० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, कुणी ४ लाख ७९ हजार ७००. दोन्ही आकडे खरेच होते. पहिला हातोडा पडला तेव्हाचा, दुसरा लिलावगृहाचं कमिशन धरून खरेदीदाराच्या खिशातून गेलेला.

सोलापुरातल्या चाटी गल्लीत माझा एक मित्र कापडाचा धंदा करतो. त्याने हे दोन आकडे वहीत दोन वेगळ्या रकान्यांत उतरवले. दुकान बंद झाल्यावर जगभरच्या क्रीडा-कार्डांच्या आणि क्रिकेटच्या जुन्या वस्तूंच्या लिलावांचे भाव लिहीत बसणं हा त्याचा छंद. घेतो फारच थोडं. खरा जीव त्या वहीत. मी अधूनमधून त्याच्या गादीवर जाऊन बसतो. वस्तू, तारीख, प्रत, हातोड्याचा भाव, एकूण रक्कम आणि शेवटी चलन, असे त्याचे रकाने. चलनाचा रकाना कशाला, असं मी विचारलं, तर त्याने २०२० चं पान काढलं. पाकिस्तानच्या अझर अलीने करोनाच्या मदतीसाठी आपल्या त्रिशतकाची बॅट विकली. ती पुण्याच्या ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ संग्रहालयाने १० लाखांना घेतली.

“दहा लाख कुठले ओ? पाकिस्तानी रुपये. आपल्या हिशेबात निम्म्याहूनही कमी.”

प्रतीचा रकाना मात्र सगळ्यांत निर्दयी. अमेरिकेत बेसबॉलची कार्डं तपासून, १ ते १० गुण देऊन, टणक प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करणाऱ्या कंपन्या आहेत. पीएसए ही त्यांतली मोठी, १९९१ ची. कोपरे बोथट झालेत का, कडा झिजल्यात का, चित्र बरोबर मध्यावर छापलंय का, पृष्ठभागावर चरे आहेत का, हे सगळं बघून गुण ठरतात. बेसबॉलपटू मिकी मँटलचं १९५२ सालचं टॉप्स कंपनीचं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. त्याला एसजीसी या कंपनीने साडेनऊ गुण दिले होते. त्याच कार्डाची मळकी, दुमडलेली प्रत लाख डॉलरच्या आतच राहते. तेव्हा ‘मँटलचं कार्ड सव्वा कोटींना’ अशी बातमी कुणी सांगितली, तर तीत चलनही नसतं आणि प्रतही नसते.

गुणांवर तरी डोळे झाकून विसंबावं का? पीएसएने सर्वांत आधी ज्या कार्डाला गुण दिले ते बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं, तंबाखू कंपनीने १९०९ ते ११ या काळात काढलेल्या मालिकेतलं. आठ गुण मिळालेलं हे कार्ड १९९१ मध्ये ४ लाख ५१ हजार डॉलरला, तर २००७ मध्ये २८ लाखांना विकलं गेलं. पुढे २०१३ मध्ये लिलावगृहाचा मालक बिल मास्ट्रो याने न्यायालयात कबूल केलं की, त्या कार्डाच्या कडा त्यानेच कापून सरळ केल्या होत्या. आपल्या लिलावांत खोट्या बोली लावून भाव चढवल्याचंही त्याने मान्य केलं. अशा नोंदींपुढे मित्र लाल फुली मारतो. आकडा खोडत नाही. माझ्या मते वहीतली सर्वांत उपयोगी पानं या फुल्यांचीच आहेत.

क्रिकेटची गोष्ट निराळी. एक ओळखीचे गृहस्थ आजोबांचा अल्बम घेऊन आले. १९३८ ची ‘प्लेअर्स’ सिगारेटची ५० क्रिकेटपटूंची मालिका, ब्रॅडमनसकट, नेटकी चिकटवलेली. चेहऱ्यावर कोटींची आशा स्पष्ट दिसत होती. मित्राने मोबाइलवर आधी विकायला लावलेल्या वस्तू दाखवल्या, मग ‘विकल्या गेलेल्या’ एवढंच निवडून दाखवलं. पहिल्या यादीत वाटेल ते आकडे होते, दुसरीत सगळा संच मिळून काही डझन पौंडांची उलाढाल. ही कार्डं अफाट संख्येने छापली गेली आणि लोकांनी जपलीही तितकीच. गुण लावून घ्यायला पाठवलं तर फी कार्डाहून जड. “घरातच ठेवा की ओ, आजोबांचा हात लागलाय त्याला,” मित्र म्हणाला. गृहस्थ थोडे हिरमुसले, पण चहा पिऊन गेले.

सोलापूरकर म्हणून त्याचा जीव अडकलाय तो पॉली उम्रीगर यांच्यात. भारताचं कसोटीतलं पहिलं द्विशतक, न्यूझीलंडविरुद्ध हैदराबादला १९५५ मध्ये काढलेल्या २२३ धावा, या सोलापुरात जन्मलेल्या माणसाचं. १९५२ आणि १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यांतल्या भारतीय संघाच्या सह्यांचे कागद इंग्लंडमधल्या लिलावांत निघतात. पण एका कागदावर सगळा संघ, दुसऱ्यावर दोघे गायब, तिसऱ्याची शाई उडालेली. त्यातून एकट्या उम्रीगरांच्या सहीचा भाव काढायचा कसा? त्यांच्या नावाच्या पानावर नोंदी आहेत, सरासरी नाही. ती काढायला तो तयारही नाही, आणि ते बरोबरच आहे.

तुमच्याही घरात असा अल्बम असेल तर कार्डं सोलून काढू नका. डिंकाबरोबर मागचा कागद निघतो आणि उरलीसुरली किंमतही जाते. विकायचाच असेल तर आधी त्याच संचाचे, तशाच स्थितीतल्या प्रतींचे, अलीकडे खरोखर विकले गेलेले तीन-चार भाव तारखेसह लिहून काढा, आणि प्रत्येक आकड्यात कमिशन धरलंय की नाही तेही विचारून घ्या.