क्षेत्र एक, तुकडे दोन

फॉर्म भरता येतो म्हणजे फॉर्म बनवताही येईल, एवढ्या भांडवलावर मी राजुऱ्यात वनहक्क दाव्यांचं काम करणाऱ्या एका गटाला हो म्हणून बसलो. पडद्याच्या एका बाजूला घटकांची यादी, शेजारी रिकामी जागा. माऊसनं ओढायचं आणि सोडायचं. नाव, गाव, तालुका हे घटक तयारच होते. ‘दाव्याचं क्षेत्र’ मात्र मला लिहावा लागला. त्यात हेक्टर आणि आर असे दोन रकाने, आणि आकडा ४ हेक्टरच्या वर गेला की लाल रेघ. २००६च्या वनहक्क कायद्यानं वैयक्तिक दाव्याच्या जमिनीला घातलेली ती मर्यादा.

गावोगावी फिरणाऱ्या ताईंनी फॉर्म हाती घेतला आणि तो घटक दोनदा ओढला. एकात २ हेक्टर ६० आर, दुसऱ्यात १ हेक्टर ९० आर. बेरीज साडेचार हेक्टर, तरी लाल रेघ नाही. प्रत्येक घटक आपापल्यापुरता खरं बोलत होता!

मग दुसरा घटक येऊच द्यायचा नाही, असं ठरलं. आम्ही वापरत होतो त्या फॉर्म.आयओमध्ये त्यासाठी दोन खिट्ट्या आहेत, आणि कितीतरी वेळ मला त्या एकच वाटत होत्या. ‘डिसेबल सिब्लिंग्ज’ घटकाचा प्रकार बघते: त्या प्रकारचं काही फॉर्ममध्ये आधीच असेल, अगदी एखाद्या चौकटीच्या पोटात असलं तरी, ओढलेला नवा घटक टिकत नाही. ‘युनिक कंपोनंट’ बघते ती घटकाची की, म्हणजे माहिती ज्या नावाखाली साठते ते नाव. ते नाव फॉर्म बनवणाऱ्याला बदलता येतं, आणि बदललं की पहारा गेला. मी पहिली लावली. शिवाय शेवटी फॉर्म म्हणजे जेसन नावाच्या साच्यातला मजकूर. तो दुसरीकडून उचलून आणून चिकटवणाराही भेटतोच. म्हणून साठवायच्या आधी सर्व्हरवर घटकांची पुन्हा मोजणी.

ताईंचा फोन आला. “हे परत काऊन जाते जी?”

मी ४ हेक्टरचा हिशेब सांगितला. तो त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होता. “पण त्या माणसाचं वावर दोन जागी आहे नं. एक नाल्याजवळ, एक टेकडीवर. मी कुठं लिहू?”

माझ्या बंदीनं त्यांचं खरं काम अडवलं होतं. उपाय आत होता, बाहेर नव्हता: क्षेत्राचा घटक एकच, पण त्याच्या पोटात वावरांच्या ओळी हव्या तेवढ्या, आणि लाल रेघ एकूण बेरजेवर.

त्यानंतर प्रत्येक घटकापाशी ताईंना विचारत गेलो. व्यक्तीचा घटक एकदाच? नाही, विवाहित असतील तर हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे संयुक्त नोंदवला जातो. पुराव्याचा? तो तर अडवायचाच नाही, नियमांनुसार एकाहून जास्त पुरावे विचारात घ्यायचे असतात. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना तर १३ डिसेंबर २००५च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, दाखवावी लागतात. ते वर्ष निघतं १९३०. तेव्हा राजुरा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आणि तिथला सरकारी कारभार उर्दूत. कुणाच्या ट्रंकेत तसला कागद निघालाच तर तो गावात वाचणारं कुणी नसतं, त्यामुळे सोबत मराठी भाषांतर जोडावं लागतं. माझ्या यादीत पुराव्याचा घटक म्हणजे एक फाइल आणि एक वर्णन, इतकाच होता.

आता उर्दू कागद आणि त्याचं भाषांतर हा पुरावा एक धरायचा की दोन, हे मला कोणतीच खिट्टी सांगेना. ताईंना विचारलं.

“एकच,” त्या म्हणाल्या. “फक्त फाइल लावायला जागा दोन दे.”